थंड तारेची कॉइल

तीन मीटरच्या काठीतून शंभर मैलांवर आवाज पोचवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा तांबळबंदरात ते कुणालाच पटलं नव्हतं. सगळ्यांत कमी पटलं होतं माझ्या वडिलांना. ते 'सातेरी' या ट्रॉलरचे तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, खाडीत कसं शिरायचं, हे सगळं तांडेलाच्या शब्दावर चालतं, त्यामुळे मुलीचा शब्द ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"प्रणू, इतक्याशा काठीतसून आवाज जातलो?" त्यांनी विचारलं.

"जातलो."

"आणि नाय गेलो तर?"

"तर तुमी जोरान वरडा," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत, पण काठी बसवू दिली.

मुळात ही वेळ आली ती आकाशामुळे. पृथ्वीजवळच्या कक्षेत उपग्रहांची इतकी दाटी झाली, की त्यांच्या टकरी होऊ लागल्या. टकरींतून भंगार तयार झालं आणि त्या भंगारानं उरलेले उपग्रहही फोडले. जे वाचले ते हवामान खातं, विमानं आणि सैन्य यांच्यासाठी राखून ठेवले गेले. बोटींवरचे उपग्रह-फोन वर्षभरात पोरांच्या खेळण्यात गेले. मग सगळ्यांना लघुलहरींचा जुना वायरलेस आठवला. या लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला धरून लांबवर जातात, त्यांना वरून कुणाच्या मदतीची गरज नसते. गरज असते ती अँटेनाची, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच.

आमच्या लहरीची लांबी सत्तर मीटरच्या वर. तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे साधारण अठरा मीटरची उभी तार असेल, तर ती वीज सहज स्वीकारते आणि लहरी बनवून सोडून देते. पण मासेमारी बोटीवर अठरा मीटरची तार उभी करणार कुठे? जाळं ओढायचे दोर, कप्प्या, दिव्यांचे खांब यांतून जागा उरते ती केबिनच्या टपावर, तीन मीटरच्या लवचीक काठीपुरती. आखूड काठी वीज स्वीकारत नाही. दिलेली जवळजवळ सगळी वीज ती परत फेकते. तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, नेमकी उलट स्वभावाची असते. काठी जितकी मागे ढकलते तितकीच कॉइल पुढे ओढते. दोघींची ओढाताण बरोबर फिटली, की वीज निमूटपणे काठीत चढते. बाबांना मी सांगितलं होतं, की अठरा मीटरमधली उरलेली तार मी गुंडाळून काठीच्या मध्यावर बसवली आहे. हे शास्त्राच्या दृष्टीनं अर्धवटच खरं आहे, पण त्यांना ते पटलं आणि मला काम करायचं होतं.

पहिली कॉइल तांब्याची केली. फायबरच्या नळीवर, वेढ्यांमध्ये सारखं अंतर ठेवून, दोन दिवस बसून गुंडाळली. जुळणी झकास झाली, पण आवाज तीस मैलांच्या पुढे जाईना. कारण तांब्याचा स्वतःचा विरोध. आखूड काठीतून लहरी बनून जाणारा भाग मुळातच लहान, त्यामुळे शंभर वॉट दिले तर नव्वद वॉट कॉइल तापवण्यातच खर्च व्हायचे. बाबांनी एकदा तिला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ह्येच्यार बांगडो बरो भाजतलो."

मग थंड तार आली. विजेला जवळजवळ विरोध न करणारी तार पूर्वीही होती, पण ती प्रचंड गारठ्यात ठेवावी लागे. ही नवी तार आपल्या उन्हातही तशीच वागे. बाजारात तिचं नाव लांबलचक होतं, पण ती तापत नाही म्हणून बंदरावर तिला सगळे थंड तार म्हणू लागले. माझी कामाची खोली मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्याला लागून होती. त्यामुळे सोसायटीचे चेअरमन नंदूशेट गिरकर यांची ठाम समजूत होती, की तार थंड ठेवायला मी बर्फ नेते. मी ती दूर केली नाही, कारण त्या समजुतीपायी मला बर्फ मिळायचा आणि दुपारी सरबत गार व्हायचं.

थंड तारेची कॉइल बसवून 'सातेरी' गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीतला वायरलेस बोलला.

"प्रणू, आयकतंस? नव्वद मैलार आसंय. कॉइल तापणा नाय."

आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, हे मला नंतर कळलं. इतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.

मात्र या गुणाबरोबर एक खोड आली. कॉइलमधला विरोध जितका कमी, तितकी तिची जुळणी काटेकोर. तांब्याची कॉइल आळशी असते, थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालवून घेते. थंड तारेची कॉइल काहीच चालवून घेत नाही. ओलं जाळं जवळ टांगलं, काठीच्या टोकावर पक्षी बसला, केबिनपाशी कुणी उभं राहिलं, की जुळणी सुटते. माणसाचं शरीर म्हणजे खारं पाणीच. ते काठीजवळ आलं की काठीला कळतं. म्हणून मी कॉइलच्या पोटात एक सरकणारी कांडी बसवली. छोटी मोटर ती वर-खाली करते आणि सुटलेली जुळणी क्षणात परत साधते. कांडी किती सरकली याचा आकडा दर काही सेकंदांनी वायरलेसवरून आपोआप माझ्या पडद्यावर येईल, अशीही सोय केली. ती फक्त माझ्या अभ्यासासाठी होती, दुसरा काहीच हेतू नव्हता.

काही आठवड्यांत ते आकडे मला ओळखीचे झाले. पक्षी बसला की दोन-तीननं वाढ. जाळं वर आलं की पंधरा. सुकाणाचं चाक केबिनच्या मागच्या बाजूला, काठीच्या अगदी खाली. बाबा तिथे उभे राहिले की आकडा चाळीसच्या आसपास स्थिरावे. इंजिन बघणारा बाबल हा पुरुषभर उंचीच्या वर आणखी वीतभर, आडवाही तसाच. तो सुकाणाशी आला की आकडा साठाच्या वर जाई. सरबत पीत मी पडद्यावर माझ्या बापाला उभं राहिलेलं पाहायची आणि मला बरं वाटायचं. समुद्रावर गेलेल्या माणसाचं एरवी किनाऱ्यावर काय उरतं? मला आकडा तरी होता.

हे माझ्यापाशीच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण एका मीटिंगनंतर चहा पिता पिता मी नंदूशेटांपुढे फुशारकी मारली, की सुकाणावर कोण आहे ते मला इथे बसून कळतं.

नंदूशेटांनी बशी खाली ठेवली. "काय सांगतंस? तांडेल आसा का दुसरो कोण, ता कळता?"

"कळता."

"खाडीत शिरताना पण?"

"कधीही."

नंदूशेट वाईट माणूस नाही. 'सातेरी' त्यांची, शिवाय आणखी दोन बोटी. आदल्या वर्षी शेजारच्या बंदरातली एक बोट खाडीच्या तोंडाशी खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकावर चढली होती. तांडेल आत झोपला होता आणि सुकाण नवख्या खलाशाच्या हातात होतं. दोन माणसं गेली. तेव्हापासून सोसायटीच्या चाळीस बोटींची काळजी नंदूशेटांच्या डोक्यात घर करून होती.

"सगळ्या बोटींर ही कॉइल बसवया," ते म्हणाले. "खाडीच्या तोंडाशी सुकाण तांडेलाच्याच हातात व्हया, असो नियम करूया. आणि पयला दाखव 'सातेरी'चा. सहदेवासारखो तांडेल नाय बंदरात."

सहदेव म्हणजे माझे बाबा. मी अभिमानानं मान हलवली आणि त्या दिवसापासून खाडीच्या तोंडाशी येणारे आकडे मुद्दाम पाहायला लागले. एरवी त्या वेळी मी खोली बंद करून घरी गेलेली असायची.

पहिल्या संध्याकाळी 'सातेरी' आत शिरताना आकडा साठाच्या वर होता. मला वाटलं, बाबा जाळं बघायला गेले असतील. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. भर समुद्रात, दिवसाउजेडी, बाबा सुकाणावर असत. खाडी जवळ आली आणि उजेड उतरला, की त्यांच्या जागी बाबल येई.

मला पहिल्यांदा राग आला. वाटलं, हा माणूस आता आळशी झाला, बाबलवर काम टाकून विड्या ओढत बसतो. त्याच रागात मी घरी गेले. आई जेवायला वाढत होती. तिनं बाबांचं ताट अगदी त्यांच्या समोर, मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "आमटी उजव्या हाताक आसा. भाकरी डावीक."

हे ती कधीपासून करत होती? मी ऐकत आले होते, पण कान दिला नव्हता. बाबा समोर पाहत जेवत होते. पाण्याचा तांब्या बाजूला होता, तो घेताना त्यांचा हात आधी जमिनीला टेकला आणि मग जमिनीवरून सरकत तांब्याशी गेला. शंभर मैलांवरचं माणूस ओळखते म्हणून मिरवणाऱ्या मला समोर बसलेलं माणूस दिसलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"बाबा, खाडीत शिरताना सुकाणावर बाबल असता," मी म्हटलं.

हात थांबला. "कोणी सांगल्यान?"

"कॉइलीन."

"तू माझ्यार पाळत ठेवतंस?"

"मी काय इचारूक नाय. ती आपणच सांगता."

"मगे तिका सांग, गप रव म्हणान." ते उठू लागले. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा तिका. आता खय लपवतल्यात?"

बाबा पुन्हा बसले. ते भाकरीचा तुकडा बोटांनी चुरू लागले.

"समोरचा दिसता," ते शेवटी म्हणाले. "बगलेचा दिसणा नाय. नळीतसून बगितल्यासारख्या. उजेड कमी झालो की ती नळी पण बारीक जाता. डाक्टर म्हणता काचबिंदू. गेला ता परत येवचा नाय, आसा ता औषधान रवात."

"कधीपासून?"

"गेल्या हंगामापासून. खाडीत शिरताना समोरची खूण मी बगतंय, बगलेची खडपां बाबल बगता. सुकाण त्याच्या हातात, सांगणा माझा. बोट एकदा तरी खय लागली काय? आठ जणांचो जीव आसा तिच्यार, माका कळणा नाय?"

"मग शेटांना सांगा ना," मी एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले. राग आवरत नसला की माझं असं होतं.

"सांगलंय की घरात बसवतलो तो माका. तीस वर्सां तांडेल म्हणतत लोक. घरात बसान काय करू? जाळ्यांका गाठी मारू?"

जे चाललं होतं ते नियमाला धरून नव्हतं, पण धोक्याचंही नव्हतं. मी खूप विचार केला आणि एकच गोष्ट मागितली.

"मी कोणाक सांगूचंय नाय. पण उजेड उतरल्यार तुमी सुकाणाक हात लावचो नाय. कायव झाला तरी."

"लावचंय नाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी 'सातेरी' चार दिवसांच्या फेरीवर गेली आणि त्याच दुपारी नंदूशेटांनी दिवस ठरवला. बोट परत येईल त्या संध्याकाळी, खाडीच्या तोंडाशी, सोसायटीच्या सगळ्या सभासदांसमोर. मी परोपरीनं टाळायला पाहिलं. भर समुद्रातले आकडे दाखवते म्हटलं. दुसरी बोट घेऊ म्हटलं. कॉइल अजून कच्ची आहे, असंही म्हटलं.

"कच्ची कशी? तूच सांगलंस मा कधीही कळता?" नंदूशेट म्हणाले. "भर समुद्रात कोण खडपार चढाक जाता? माका तोंडाशीच बगूचा आसा."

आता बाबांना सावध कसं करायचं? आमच्या वायरलेसवर खासगी असं काही नसतं. चाळीस बोटी एकाच लहरीवर असतात. कुणाच्या घरात बारसं आहे, कुणाचं बायकोशी वाजलंय, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. त्या लहरीवर मी काय बोलणार होते? मनाशी ठरवलं, की पडद्यावर बाबलचा आकडा आला की सांगायचं, तांडेल शेजारीच उभे आहेत, दोघांची सावली एकत्र पडते. ते खोटंच होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. त्यानंतर जे प्रश्न येतील त्यांना तोंड द्यायची मी तयारी केली.

ती संध्याकाळ आली. माझ्या छोट्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. मी भिंतीवरचा मोठा पडदा लावला. त्यावर 'सातेरी'चा आकडा आणि त्याखाली, मी दिलेल्या ओळखीनुसार, माणसाचं नाव उमटत होतं. बोट अजून बाहेर होती. आकडा साठाच्या वर, नाव बाबल. बाहेरचा उजेड उतरू लागला होता आणि खिडकीतून खाडीचं तोंड काळसर दिसत होतं. डावीकडे खडपांची रांग, उजवीकडे वाळू, मध्ये एका बोटीपुरती वाट.

"बाबल कसो?" कुणीतरी विचारलं.

मी ठरवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात नंदूशेटांनी मजेत माइक उचलला. "सहदेवा, खय रवलंस? हय तुझ्या चेडवाची परीक्षा आसा. सगळे बगतत. सुकाणावर ये, तुझो आकडो दिसाक व्हयो!"

लोक हसले. वायरलेसवर थोडी खरखर झाली. मग बाबांचा आवाज आला. "इलंय."

आकडा थरथरला, वर गेला, खाली आला आणि चाळीसवर येऊन थांबला. खाली नाव आलं, सहदेव.

खोलीत टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गो!" नंदूशेट पडद्याकडे अशा समाधानानं पाहत होते, जणू त्यांना हवं ते सगळं मिळालं होतं. तांडेल सुकाणावर, बोट खाडीच्या तोंडाशी, नियमाप्रमाणे सगळं जिथल्या तिथे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, की आता बोट सुखरूप आहे. पडद्यावरचा आकडा खरा होता, त्यात काडीचीही चूक नव्हती. आणि एवढ्या माणसांत फक्त मला कळत होतं, की इतके दिवस बोट सुखरूप होती आणि या क्षणापासून नाही.

बाबांनी ते का केलं, तेही मला लख्ख कळलं. माझी कॉइल चारचौघांत खोटी पडू नये म्हणून बाप नळीएवढ्या नजरेनं खडपांत शिरत होता. कुणी पाहत नव्हतं तोवर तो शहाणपणानं वागत होता. मी पाहायला लागले आणि त्याला नियमानं वागावं लागलं.

मी काही तरी बहाणा करू शकले असते. यंत्र बिघडलं म्हणून पडदा बंद केला असता, तरी बोट तिथेच असती आणि सुकाण त्यांच्याच हातात. बाबांचं तांडेलपण आणि आठ माणसं, यांतलं एकच वाचणार होतं. मी नंदूशेटांच्या हातातून माइक घेतला.

"सातेरी, जेटी बोलतंय. बाबा, सुकाण बाबलाक द्या."

आकडा चाळीसवरच होता.

"प्रणू, सगळा बराबर आसा," वायरलेसवर बाबा म्हणाले. आवाज मुद्दाम हलका ठेवलेला.

"बराबर नाय. तुमका बगलेचा दिसणा नाय. बगलेक खडपां आसत. माझी कॉइल गेली खड्ड्यात. सुकाण सोडा, बाबा."

चाळीस बोटींनी ते ऐकलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. चाळीस. चाळीस. मग आकडा एकदम नव्वदीकडे गेला, म्हणजे सुकाणाशी दोन माणसं होती. आणि मग तो खाली येत साठाच्या वर थांबला. खिडकीतून दिसलं, की बोटीचा पुढचा दिवा डावीकडे झुकत चालला होता, तो सावकाश उजवीकडे वळला, आणि खडपांवरची पांढरी फेसाची रेघ दिव्याच्या उजेडात अगदी जवळून मागे गेली.

"सुकाण बाबलाकडे दिला," बाबांचा आवाज आला.

लहरीवर शांतता होती. इतक्या बोटी असताना तशी शांतता कधी नसते. मग बाहेरून कुठल्याशा बोटीवरच्या आपा तांडेलाचा खोकला ऐकू आला. आपा बाबांच्याच वयाचे.

"सहदेवा," ते म्हणाले, "माका उजव्या कानान काय एक आयकाक येणा नाय रे, वर्स झाला. माझ्या चेडवाच्या हातात वायरलेस नाय ता बरा हा." कुणीतरी हसलं, आणि मग बोटी पुन्हा आपापलं बोलू लागल्या.

नंदूशेट माझ्याकडे पाहत होते. रागापेक्षा त्यांच्या तोंडावर गोंधळ जास्त होता. "तुका म्हायत होता?"

"होता."

"आणि तुझ्या कॉइलीन तर सगळा बराबर दाखवल्यान! तांडेल सुकाणावर."

"तेच सांगतंय, शेट. सुकाणावर कोण आहे ते तिला कळतं. कोण असायला हवं ते नाही." मी माइक खाली ठेवला. "बाबांनी तुमच्यापासून लपवलं आणि मीही लपवलं. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण या बोटींवर मी ही कॉइल अशी बसवणार नाही. तिच्यात मुद्दाम थोडी तांब्याची तार घालणार. ती थोडी तापेल, आवाज शंभराऐवजी सत्तर मैल जाईल, पण तिला मग माणसं जाणवणार नाहीत. आकडेही येणार नाहीत."

"म्हणजे बरी वस्तू मुद्दाम बिघडवतलंस?"

"होय."

नंदूशेटांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "सहदेवाक बोटीर ठेवूक जमाचा नाय," ते हळू म्हणाले. "तांडेल म्हणान तरी नाय. ता तुका पण कळता." मी मान हलवली. "कॉइलीचा बगू. मीटिंगीत मांड." टोपी परत घालून ते खिडकीपाशी गेले आणि आत येणाऱ्या बोटीकडे पाहत उभे राहिले.

मी जेटीवर गेले. नेहमीसारखी गर्दी होती, टोपल्या घेतलेल्या बायका, बर्फाच्या गाड्या, हाका. पण 'सातेरी' लागली तेव्हा सगळे जरा मागे सरले. वायरलेस घरोघर असतो. खलाशी एकेक करून उतरले, कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबलनं दोर बांधला आणि तोही बाजूला झाला. शेवटी बाबा बोटीच्या काठाशी आले. ओहोटी होती, बोट खाली गेली होती आणि जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या अंधारात होत्या. एरवी ते तिथून एका उडीत वर यायचे, किंवा यायचे असं मला वाटायचं.

"बाबा," मी म्हटलं.

"तुझी कॉइल चलली मा बराबर?" त्यांनी विचारलं.

"चलली."

"बरा झाला." आजूबाजूला सगळं बंदर होतं आणि सगळं बंदर ऐकत होतं. मग त्यांनी मान वर केली आणि जाळं ओढताना खलाशांना सांगावं तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "प्रणू, हात दी. माका पायरी दिसणा नाय."

मी दोन पायऱ्या उतरून हात पुढे केला, आणि तो त्यांना दिसावा म्हणून अगदी त्यांच्या समोर धरला.